ओनरच्या रकान्यातलं नाव

अमानवीय अनुभव मी आवडीनं वाचते, पण विश्वास ठेवून कधीच वाचले नाहीत. माझा धंदाच तसा आहे. काळेवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहान-मोठ्या वर्कशॉपची मशीन्स मी सांभाळते. "मॅडम, आपोआप झालं" हे वाक्य मी आठवड्यातून निदान पाच वेळा ऐकते आणि दरवेळी कुणाचं तरी बोट लागलेलं निघतं. आपोआप काही होत नाही, असं मी छातीठोक सांगायची. आजही सांगते... फक्त एक फाइल सोडून.

चाकणला, तळेगाव रस्त्याच्या बाजूला, एक फॅब्रिकेशन शॉप आहे. नाव सांगत नाही. मालक पोपटशेठ. मूळ गावचेच, बापजाद्यांच्या शेतात शेड उभी केलेले. साठीचे असतील. पांढरा शर्ट, बोलणं अस्सल मावळी. त्यांच्याकडे मोठमोठ्या कंपन्यांसाठी उचलायची साधनं बनतात — क्रेनला अडकवून जड वस्तू उचलायच्या असतात ना, त्यासाठीचे लोखंडी बीम, हूक, पाळणे.

त्यांचा मला फोन आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी.

"मॅडम, कंप्युटर येक आन् वापरनारे तीन. काल कुनीतरी आख्खा फोल्डर दुसऱ्या फोल्डरात ढकलला. अर्धा दिस समदे ड्रॉइंग हुडकत बसले. आता असं करा, की ज्याचं त्यानं बघावं, दुसऱ्याचं बिघडवू न्हाई."

याला आमच्या भाषेत परमिशन लावणं म्हणतात आणि हे काम मला मनापासून आवडतं. एकाच मशीनवर प्रत्येकाला वेगळं खातं द्यायचं, वेगळा पासवर्ड द्यायचा. एक सामायिक फोल्डर करायचा आणि ठरवायचं — यात कुणी लिहायचं, कुणी नुसतं वाचायचं, कुणी उघडायचंही नाही. घरात कपाटाच्या किल्ल्या वाटाव्यात तसं. नीट लावलं तर वर्षानुवर्षं कुणी भांडत नाही.

जुनं मशीन दमलेलं होतं म्हणून शेठनी नवीनच घेतलं. मंगळवारी सकाळी मी गेले. नव्या मशीनवर सगळं माझ्या हातानं टाकलं, जुन्या डिस्कवरची ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हनं नवीन मशीनवर आणली. तीन खाती केली. एक रोहिणीचं — ती डिझाइनर, सहा महिन्यांपूर्वी लागलेली, हुशार मुलगी. तिला ड्रॉइंग फोल्डरमध्ये लिहायची परवानगी. दुसरं जाधवांचं — ते सुपरवायझर, बीडकडचे, शॉपमध्ये दहाएक वर्षं. ते फक्त उघडून प्रिंट काढणार, बदल करू शकणार नाहीत. तिसरं पोपटशेठचं, तेही नुसतं बघायला. चौथं माझं, ॲडमिनचं. त्याचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, शेठनाही नाही. तो मी कुठे लिहूनही ठेवत नाही.

प्रत्येकाच्या खात्यातून शिरून मी स्वतः तपासलं. जाधवांच्या खात्यातून एक फाइल पुसायचा प्रयत्न केला, मशीननं नकार दिला. छान वाटलं. चहा घेतला, पाच वाजता निघाले.

बुधवारी अकराच्या सुमाराला रोहिणीचा फोन.

"मॅडम, बाकी सगळं मस्त चाललंय. एकच फाइल उघडत नाहीये. परवानगी नाही म्हणतंय."

"कुठली?"

"लिफ्टिंग बीमची. नऊ टनी डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, उचलायचा. जुनीच ऑर्डर रिपीट आलीये, जाधवभाऊंना प्रिंट हवंय."

मी दुकानातूनच त्यांच्या मशीनला जोडून घेतलं. फोल्डरमध्ये तीनशेच्या वर फाइली होत्या, सगळ्यांच्या परवानग्या मी लावल्या तशाच. फक्त या एका फाइलवर वेगळी नोंद होती — सगळ्यांना वाचायला मनाई. फोल्डरवरून खाली आलेली नव्हे, त्या एकाच फाइलवर मुद्दाम लावलेली. आणि फाइलचा ओनर, म्हणजे मालक कोण हे जिथे दिसतं, त्या रकान्यात इंग्रजीत नाव होतं — सुरवसे.

मला वाटलं, जुन्या मशीनवर या नावाचं कुणाचं तरी खातं असेल, त्याचं शेपूट राहिलंय. पटकन मालकी माझ्याकडे घेतली, मनाई काढली, मशीन बंद करून चालू केलं. फाइल उघडली. रोहिणीनं डोळ्यांनी बघितली. काम संपलं.

फोन ठेवल्यावर मात्र मला थोडं खटकलं. पेनड्राइव्हवर फाइली जातात, परवानग्या जात नाहीत. त्या पेनड्राइव्हच्या मांडणीत परवानग्या साठवायची सोयच नसते. नव्या मशीनवर फाइल टाकली की ती टाकणाऱ्याच्या नावावर होते — म्हणजे माझ्या. मग हे शेपूट आलं कुठून? पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. विषय तिथेच राहिला.

जाधव त्या दिवशी टेम्पोबरोबर माल पोचवायला गेले होते. ते तीन वाजता परत आले, स्वतःच्या खात्यात शिरले आणि प्रिंट काढायला गेले तर फाइल बंद. रोहिणीच्या खात्यातूनही बंद. मी पुन्हा जोडून बघितलं. तीच मनाई. ओनर — सुरवसे.

आता मी चिडले. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय जाधवांवर होता. त्यांना ही नवी व्यवस्था फारशी पटलेली नव्हती. "आमच्यावर भरवसा न्हाई का" असं मंगळवारी म्हणालेही होते. पण त्यांच्या खात्याला मनाई लावण्याचा अधिकारच नाही, तो मीच दिलेला नाही. आणि ओनर म्हणून एखादं नाव दिसायचं तर त्या नावाचं खातं मशीनवर असावं लागतं. मी खात्यांची यादी काढली. रोहिणी, जाधव, शेठ, मी. सुरवसे नावाचं काही नव्हतं. खातं करून पुसून टाकलं असतं तर नावाच्या जागी लांबलचक आकडा दिसला असता, नाव नाही. फार तर मशीन चालू आहे तोवर आठवणीतलं नाव दाखवेल, पण मी ते मध्ये बंद-चालू केलं होतं.

म्हटलं, उद्या प्रत्यक्ष जाऊन बसते. बोट कुणाचंय ते माझ्या डोळ्यांसमोर सापडेल.

गुरुवारी सकाळी दहाला मी चाकणला पोचले. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली. बाहेर ग्राइंडरचा आवाज, आत एसीचा. एकच टेबल, एकच कॉम्प्युटर. नेटची केबल मी मुळातूनच काढून टाकली, म्हणजे बाहेरून कुणी आत यायचा प्रश्नच मिटला. मशीनवर काय-काय बदल होतात याची आपसूक नोंद ठेवायची सोय असते, ती चालू केली. मनाई काढली. फाइल उघडली, ड्रॉइंग पडद्यावर बघितलं, बंद केली. पोपटशेठ मागे उभे होते, रोहिणी शेजारच्या स्टुलावर. कीबोर्ड माझ्या पुढ्यात.

"जाधवभाऊ, या. आता तुमच्या खात्यातून काढा प्रिंट."

माझं खातं बंद केलं. जाधवांनी उभ्याउभ्याच वाकून त्यांचा पासवर्ड टाकला. मी खुर्चीवरून उठले नव्हते. फोल्डर उघडला, फाइलवर दोनदा क्लिक केलं.

परवानगी नाही.

मध्ये मिनिटभरही गेलं नसेल. तो कीबोर्ड आम्हा दोघांशिवाय कुणाच्या हाती गेला नव्हता. मी पुन्हा माझ्या खात्यात शिरून बघितलं — सगळ्यांना मनाई, ओनर सुरवसे. बदलांची नोंद उघडली. त्यात मी मनाई काढल्याची नोंद होती, वेळेसकट. ती परत लावल्याची नोंद नव्हती. कुणी लावलीच नव्हती, आणि ती तिथे होती.

चौदा वर्षांत पहिल्यांदा मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

पोपटशेठना यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. त्यांची घाई वेगळी होती. लेझर कटिंगवाला सकाळपासून ड्रॉइंग मागत होता, प्लेटा मशीनवर चढवून बसला होता.

"मॅडम, ती जुनी डिस्क हाय ना तुमच्याकडं? त्याच्यातून काढून द्या आन् मोकळं करा आमाला. हे काय ते नंतर बगा."

बरोबरच होतं त्यांचं. डिस्क माझ्या बॅगेत होती. मी ती काढायला वाकले आणि तेवढ्यात जाधवांनी विचारलं, "ताई, हे कुणाचं नाव दिसायलंय म्हणालात?"

मी तोवर नाव कुणाला सांगितलंच नव्हतं. नुसतं 'जुन्या कुणाचं तरी' म्हणाले होते. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "सुरवसे. कोण आहेत हे? इथे होते का कुणी?"

जाधवांनी आधी शेठकडे बघितलं. शेठ पडद्याजवळ आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एक-एक अक्षर वाचलं.

"आमचा क्वालिटीवाला," ते म्हणाले. "सुरवसे मामा. पंधरा वर्षं व्हता माझ्याकडं. गेला. दोन वर्षं झाली... हार्टचं निमित्त झालं."

रोहिणीनं तर त्यांना पाहिलेलंही नव्हतं. तिला हे नावसुद्धा माहीत नव्हतं.

शेठ खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आसंल कायतरी जुनं त्यात. तुमी काढा दुसरीकडनं."

"न्हाई शेठ," जाधव म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "हे ड्रॉइंग मी खाली शॉपात न्हेणार न्हाई."

"आरं पर का?"

"मामांनी सही केल्याबिगर आपल्याकडं कागद खाली जायचा का? तुम्हीच सांगा. लेझरवाला बसू द्या अजून तासभर. मला मामांची फाइल बघू द्या."

मी हातातली डिस्क टेबलावर ठेवली. त्या क्षणी मी काढूनही देऊ शकत होते, पाच मिनिटांचं काम होतं. का थांबले ते सांगता येणार नाही. जाधव ज्या शांतपणे बोलले त्यामुळे असेल.

स्टोअरमध्ये एक लोखंडी कपाट आहे. सुरवसे मामा ड्रॉइंग तपासताना कागदी प्रिंट घ्यायचे, लाल पेन्सिलीनं एकेक मापावर बरोबरची खूण करत जायचे आणि ते प्रिंट बॉक्सफाइलमध्ये लावून ठेवायचे. ते गेल्यापासून त्या फाइलींना कुणी हात लावला नव्हता. जाधव आणि मी दोघांनी मिळून शोधलं. चौथ्या बॉक्समध्ये बीमचं प्रिंट सापडलं. घडी घातलेलं, कडेला ग्रीसचे डाग.

ऑफिसात आणून टेबलावर पसरलं. रोहिणीच्या विनंतीवरून मी मनाई काढली आणि या वेळी जाधवांना खातं बदलायला न लावता, माझ्याच खात्यातून ड्रॉइंग पडद्यावर उघडं ठेवलं. रोहिणी बोट ठेवून एकेक माप ताडत गेली. लांबी बरोबर. भोकांमधलं अंतर बरोबर.

मग ती थांबली.

बीमला वर दोन जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्यांना हे लोक कान म्हणतात. क्रेनचा सगळा भार त्या कानांवर येतो. पडद्यावरच्या ड्रॉइंगमध्ये कानाची जाडी बारा मिलिमीटर होती. कागदावर बारा लाल पेन्सिलीनं खोडलं होतं, शेजारी पंचवीस लिहिलं होतं आणि त्याभोवती दोनदा गोल केला होता. खाली मराठीत, वळणदार अक्षरात — 'बदल करून परत दाखवणे. सुरवसे.'

"पहिला बीम कुणी बनवला होता?" रोहिणीनं विचारलं.

"मामांनीच उभं राहून करून घेतला," जाधव म्हणाले. "मी तवा दुसऱ्या शिफ्टला, मशिनिंगला होतो. ह्या कागदावरूनच केला असंल. कंप्युटरमधलं ड्रॉइंग बदलायचं राहून गेलं. तवाचा डिझाइनर त्याच महिन्यात सोडून गेला, तो पोरगा."

रोहिणीनं वहीत आकडेमोड केली. पुन्हा एकदा केली. मग मान वर न करता म्हणाली, "बाराचा कान नऊ टनाला... लगेच तुटणार नाही कदाचित. पाच-दहा वेळा उचलेलसुद्धा. पण फाटणार नक्की. आणि तपासायला मी हेच ड्रॉइंग घेतलं असतं, म्हणजे तयार बीम ड्रॉइंगप्रमाणे बरोबरच ठरला असता."

नऊ टनी डाय क्रेनवर लटकलेली असते तेव्हा तिला दिशा द्यायला चार माणसं चारी बाजूंनी हात लावून चालतात. हे मला जाधवांनी नंतर सांगितलं. त्या वेळी पोपटशेठ तो कागद हातात घेऊन बसले होते. त्यांनी अंगठ्यानं त्या लाल गोलावरून हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे केलं.

रोहिणीनं तासाभरात ड्रॉइंग दुरुस्त केलं. जाधवांनी लाल पेन्सिल मागवून घेतली आणि नव्या प्रिंटवर प्रत्येक मापावर खूण केली, मगच सही केली. दुरुस्त केलेली फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. ती पहिल्याच झटक्यात तिन्ही खात्यांतून उघडली. मी जुनी फाइल बघितली तर तिच्यावरही मनाई परत आलेली नव्हती. ओनरच्या रकान्यात माझं नाव होतं. माझं नाव मंगळवारी जिथे होतं, तिथेच.

त्यानंतर मी तपास सोडला असं समजू नका. मशीन दोन दिवस दुकानात आणून ठेवलं. एक-एक नोंद चाळली. जुन्या डिस्कवर सुरवसे नावाचं खातं शोधलं, पुसलेल्या फाइलींतही शोधलं, कुठेच सापडलं नाही. माझा एक मित्र हिंजवडीत सर्व्हरचं काम करतो, माझ्यापेक्षा खूप जाणता आहे. त्याला मी मोबाइलवर काढलेले स्क्रीनचे फोटो दाखवले — होय, फोटोत नाव स्वच्छ दिसतं, ते अजून माझ्याकडे आहेत. त्यानं मी विचार केलेले सगळे खुलासे एकामागून एक सांगितले, मी एकेकाचं उत्तर देत गेले. शेवटी तो म्हणाला, "मग मला माहीत नाही गं." तो असं सहसा म्हणत नाही.

पोपटशेठनी मला एकच काम सांगितलं. यापुढे कुठलंही ड्रॉइंग एकट्या डिझाइनरच्या हातून खाली जाता कामा नये. मी तशी व्यवस्था करून दिली. रोहिणी एका फोल्डरमध्ये ठेवते, जाधव तपासून मंजूर करतात, मगच ते छापता येतं. जाधवांना आता ही व्यवस्था पटलेली आहे. हा माझ्या कामातला सगळ्यात चांगला सेटअप आहे असं मी बिनदिक्कत सांगते.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे.

सुरवसे मामांचं घर काळेवाडीतच निघालं, माझ्या दुकानापासून तीन गल्ल्या सोडून. त्यांच्या पत्नी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. मी स्वतःची साडी घेऊन गेले, कारण रिकाम्या हातानं जाऊन हे सांगायचं कसं ते कळेना. मशीनपाशी बसूनच त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. मी बीमचं सांगितलं, माणसांचं सांगितलं, लाल पेन्सिलीचं सांगितलं. फाइलवर त्यांचं नाव येत होतं हेही सांगितलं आणि मनातलं विचारलं, "काकू, मामांचं शॉपमधल्या कॉम्प्युटरवर खातं होतं का हो? पासवर्ड वगैरे कधी बोलले होते?"

काकूंनी दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"तेंचं कसलं खातं बाई? तेंनी कंप्युटरला कधी हातच लावला न्हाई. शेठ म्हनायचे शिका, शिका. तर हे म्हनायचे, मला कागद दाखवा, मी सांगतो बरोबर हाय का चूक. माऊस धरता येत नव्हता तेंना. नातवानं एकदा शिकवायला घेतला, तर हसून उठून गेले."

काकूंनी साडीची घडी नीट केली आणि माझ्या हातात दिली.

"बीम नीट झाला ना पर आता?" त्यांनी विचारलं.

"झाला. पंचवीसचाच केला. परवा गेला कंपनीत."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि पुढची साडी मशीनखाली सरकवली.

कुणाला यामागचं तांत्रिक कारण सुचत असेल तर जरूर लिहा, मी प्रत्येक शक्यता तपासून बघेन. माझं कामच ते आहे. पण आज तारखेला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते नाही असं सांगायला मला लाज वाटत नाही.